ग्लासगोला शिकायला येतेयस? पावसाचं सोड, आधी घरातल्या ओलीचं बघ

तुझा प्रश्न थोडक्यात असा, की तू सांगलीची, वय २१, सप्टेंबरमध्ये ग्लासगोला एमएससीसाठी निघालीयेस, ओळखीतली एक मुलगी तिच्या दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये तिसरी म्हणून घ्यायला तयार आहे, भाडं स्वस्त आहे पण कागद काही होणार नाहीत, तर घेऊ का. शिवाय रोजचा पाऊस झेपेल का, आणि आई विचारतेय की छत्री, पाण्याचा फिल्टर, काय काय द्यायचं.

मी मूळची चिपळूणची, २०११ ला अशीच शिकायला आले, नंतर इथेच आठ वर्षं घरं भाड्याने देणाऱ्या एजन्सीत काम केलं आणि आता विद्यार्थ्यांना घराच्या बाबतीत सल्ला द्यायचं काम करते, म्हणजे टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसून झालंय. त्यामुळे पहिलं उत्तर सरळच देते, ते घर घेऊ नकोस. का ते सांगते, पण त्यासाठी आधी पावसाचं बोलावं लागेल.

ग्लासगोचा पाऊस आकड्यात बघितला तर फार नाहीये. वर्षाला साधारण ११०० ते १२५० मिलीमीटर, रत्नागिरीत तर ३००० च्या वर पडतो. पण आपला पाऊस चार महिन्यांत कोसळून मोकळा होतो आणि इथला वर्षातले १७० च्या आसपास दिवस थोडा थोडा येत राहतो, बारीक, वाऱ्याबरोबर आडवा, कधी कधी तर पडतोय की नुसतं धुकं आहे तेच कळत नाही. अशा दिवसाला इथले लोक 'ड्रीख' म्हणतात, पहिल्या आठवड्यातच ऐकशील. या पावसाने पूर येऊन घरात पाणी शिरेल असं सहसा होत नाही. २००५ आणि २०१९ चा कृष्णेचा पूर तुमच्या सांगलीने बघितलाय, त्यामुळे ती भीती मनात असेल तर काढून टाक. इथे त्रास असतो तो ओलीचा. घर थंड, खिडक्या बंद, आत तीन माणसं, कपडे वाळत घातलेले, कुकरची वाफ, आंघोळीची वाफ, आणि ते सगळं पाणी जाऊन बसतं सगळ्यात गार भिंतीवर, म्हणजे बहुतेक वेळा बाहेरच्या बाजूच्या भिंतीवर, कपाटामागे, जिथे कुणी बघत नाही.

माझ्या पहिल्या वर्षी मी अशाच एका घरात राहिले, माझं नाव कागदावर कुठेच नव्हतं, घरमालकाला मी तिथे आहे हे माहीतसुद्धा नव्हतं. डिसेंबरमध्ये मंडळाचा कार्यक्रम होता म्हणून आईने दिलेली पैठणी काढायला बॅग ओढली, ती पलंगाखाली भिंतीला चिकटून ठेवलेली होती. साडी उलगडली तर घडीच्या रेषेवर बारीक काळे ठिपके, एका ओळीत, जणू कुणी पेनाने टोचून काढलेत, आणि तो कुबट वास. भिंतीला हात लावला तर ओली. घरमालकाला सांगणार कसं, मी तिथे राहतच नव्हते ना कागदोपत्री. ज्या मुलीच्या नावावर घर होतं ती म्हणाली गप्प बस, नाहीतर आपल्या दोघींनाही काढतील. सहा महिने खोकला होता मला. त्या साडीवरचे ठिपके अजून गेलेले नाहीत, आणि म्हणूनच बिनकागदाच्या स्वस्त खोलीचा प्रश्न आला की मी हात जोडून नको म्हणते.

आता कायद्याचं ऐक, कारण स्कॉटलंडचा कायदा भाडेकरूच्या बाजूने बराच चांगला आहे, फक्त तुझं नाव कागदावर पाहिजे. १ डिसेंबर २०१७ पासून इथे खाजगी घराला 'प्रायव्हेट रेसिडेन्शियल टेनन्सी' नावाचा करार असतो, त्याला ठरलेली मुदत नसते, तुला सोडायचं असेल तर २८ दिवसांची नोटीस दिली की झालं, आणि मालकाला काढायचं असेल तर मात्र कायद्यात दिलेल्या कारणांपैकी एक कारण लागतं, उगाच काढता येत नाही. डिपॉझिट दोन महिन्यांच्या भाड्यापेक्षा जास्त घेता येत नाही आणि ते मालकाने स्वतःच्या खिशात ठेवायचं नसतं, ३० कामाच्या दिवसांत सरकारमान्य डिपॉझिट स्कीममध्ये भरावं लागतं, अशा तीन स्कीम आहेत, भरलं की तुला ईमेल येतो. नाही भरलं तर तू ट्रायब्यूनलकडे, म्हणजे घरभाड्याचे वाद ऐकणाऱ्या न्यायाधिकरणाकडे, जाऊ शकतेस, वकील न लावता, आणि मालकाला डिपॉझिटच्या तिप्पटपर्यंत रक्कम तुला द्यायला लावता येते, फक्त घर सोडल्यापासून तीन महिन्यांच्या आत अर्ज करायचा. एजन्सी फी, रेफरन्स फी, कागदपत्रांची फी असलं काही मागितलं तर द्यायचं नाही, भाडं आणि डिपॉझिट सोडून काहीही घेणं इथे बेकायदेशीर आहे. हे इंग्लंडमधल्या मैत्रिणींना विचारून ठरवू नकोस, त्यांचे नियम वेगळे आहेत, लंडनची मुलगी सांगेल ते ग्लासगोला लागू होईलच असं नाही.

आणि तिसरी व्यक्ती हा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा. एकमेकांचे नातेवाईक नसलेले तीन किंवा जास्त लोक एका घरात राहत असतील तर मालकाला 'एचएमओ' लायसन्स लागतं, त्यासाठी आगीचे नियम, खोल्यांचं माप, सगळं तपासलं जातं. दोन मुलींचं घर आणि तिसरी गुपचूप, हे म्हणूनच गुपचूप असतं. तुझं नाव नाही म्हणजे पत्त्याचा पुरावा नाही, मग बँक खातं अडू शकतं, आणि उद्या त्या दोघींचं भांडण झालं तर तू रात्रीत रस्त्यावर. ती मुलगी वाईट आहे असं माझं म्हणणं नाही गं, ती पण भाडं वाचवायलाच बघतेय, पण धोका सगळा तुझ्या वाट्याला येतोय.

मग घर शोधायचं कसं. ग्लासगोत घरांची टंचाई खरीच आहे, नोव्हेंबर २०२३ मध्ये महापालिकेने अधिकृतपणे गृहनिर्माण आणीबाणी जाहीर केली होती, त्यामुळे सप्टेंबरच्या आदल्या आठवड्यात उतरून बघू म्हणशील तर हाल होतील. माझा सल्ला, अॅडमिशन नक्की झाल्या दिवशी विद्यापीठाच्या हॉस्टेलचा अर्ज टाक, महाग वाटलं तरी पहिलं वर्ष तिथे काढलेलं बरं, एक लक्षात ठेव की हॉस्टेलला तो २८ दिवसांचा नियम लागू नसतो, बहुतेक वेळा पूर्ण मुदतीचं भाडं द्यावं लागतं. ते नाही मिळालं तर क्लास सुरू व्हायच्या तीन-चार आठवडे आधी ये, दोन आठवड्यांची तात्पुरती सोय बघ आणि घरं स्वतः पायांनी फिरून बघ. भारतात बसून, न बघितलेल्या घराला पैसे पाठवायचे नाहीत. मालक म्हणतो मी परदेशात आहे, चावी कुरियरने पाठवतो, आधी डिपॉझिट टाका, हे ऐकलं की फोन ठेव. इथे प्रत्येक घरमालकाची नोंदणी असते, जाहिरातीत नोंदणी क्रमांक द्यावाच लागतो, आणि तो क्रमांक सरकारी रजिस्टरवर कुणालाही फुकट तपासता येतो. दोन मिनिटांचं काम आहे पण दरवर्षी माझ्यासमोर मुलं बसतात रडत, हजार-हजार पौंड गेलेले असतात, आणि ते दोन मिनिटांचं काम केलेलं नसतं.

घर बघायला गेलीस की काय बघायचं ते सांगते, हे मी एजन्सीत शिकले. दारातून आत शिरताच पहिला श्वास नाकाने घे, कुबट वास येतो का बघ, कधी कधी मेणबत्तीचा किंवा ताज्या रंगाचा वास त्याला झाकत असतो, नव्याने फक्त एकाच भिंतीला रंग दिलेला असेल तर विचार का. मग बाहेरच्या भिंतीला लागून असलेलं कपाट जरा पुढे ओढून मागे बघ, खिडकीच्या खालचे कोपरे बघ, रबरावर काळं आहे का बघ, बाथरूममधला पंखा चालू करून त्याच्यापुढे टॉयलेट पेपरचा तुकडा धर, कागद चिकटून राहिला तर पंखा हवा ओढतोय. जुन्या पिवळ्या आणि लाल दगडाच्या चाळीसारख्या इमारती आहेत इथे, टेनमेंट म्हणतात, दिसायला फार देखण्या, उंच छत, मोठ्या खिडक्या, पण काही घरांना अजून एकेरी काचा आहेत आणि त्या काचेवर सकाळी पाण्याचे ओघळ असतात. तळमजल्याला जमिनीची ओल चढते, वरच्या मजल्याला छप्पर गळायची शक्यता, मधले मजले सगळ्यात उबदार कारण वर खाली दोन्हीकडे कुणीतरी हीटर लावलेला असतो. पत्ता २/१ असा असेल तर गोंधळू नकोस, दुसरा मजला आणि पहिलं दार, ०/२ म्हणजे तळमजल्यावरचं दुसरं. सामाईक जिन्याला इथे 'क्लोज' म्हणतात.

जुन्या टेनमेंटच्या स्वयंपाकघरात छताला एक लाकडी दांड्यांची चौकट टांगलेली असते, दोरी सोडली की खाली येते, कपडे घालायचे आणि परत वर ओढायची, तिला 'पुली' म्हणतात. मी पहिल्यांदा बघितली तेव्हा मला आमच्या घरातली चुलीवरची दांडी आठवली, पावसात आजी तिच्यावर कपडे टाकायची, धुराचा वास लागायचा पण सुकायचे. तेच शास्त्र आहे, गरम हवा वर जाते. पुली असेल तर वापर, पण खिडकी बोटभर उघडी ठेवून आणि दार लावून, नाहीतर ते पाणी तुझ्या बेडरूमच्या भिंतीवर जाणार. बेडरूममध्ये हीटरवर कपडे वाळत घालणं ही आपल्या मुलांची सगळ्यात मोठी चूक. तिघी-चौघींनी मिळून एक डीह्युमिडिफायर घ्या, हवेतलं पाणी ओढून डब्यात साठवणारं यंत्र, पहिल्या रात्री डब्यात किती पाणी जमतं बघशील ना तेव्हा पटेल मी काय म्हणतेय ते. हीटिंग एकदम दोन तास भट्टीसारखं लावून बंद करण्यापेक्षा मंद आणि जास्त वेळ ठेवलं तर भिंती गार पडत नाहीत. आणि काळी बुरशी दिसली की फोटो काढून मालकाला लेखी कळव, ईमेलवर, फोनवर नाही, तारीख राहते.

फोडणीचं एक राहिलंच. फेब्रुवारी २०२२ पासून स्कॉटलंडमध्ये घरातले सगळे अलार्म एकमेकांना जोडलेले असावे लागतात, हॉलमध्ये आणि पॅसेजमध्ये धुराचा, स्वयंपाकघरात उष्णतेचा. स्वयंपाकघरातला फोडणीने वाजत नाही, पण दार उघडं राहिलं आणि मिरचीचा धूर पॅसेजमध्ये गेला की सगळे एकदम वाजतात, रात्री अकरा वाजता अख्खा जिना जागा होतो. म्हणून दार लावून, एक्झॉस्ट लावून, मगच मोहरी टाक. अलार्मवर पिशवी बांधायची नाही, कुणी सांगितलं तरी.

कुठल्या भागात बघायचं? विद्यापीठ गिलमोरहिलवर आहे, स्थापना १४५१ ची पण या टेकडीवर १८७० ला आलं, खालून केल्व्हिन नदी वाहते. ज्या केल्व्हिनमध्ये आपण तापमान मोजतो ते नाव या नदीचंच, इथले प्राध्यापक विल्यम थॉमसन यांना लॉर्ड किताब मिळाला तो या नदीच्या नावाने. हिलहेड, केल्व्हिनब्रिज जवळ पण महाग. पार्टिक बरं. मी सध्या मुलांना क्लाइड नदीच्या पलीकडे गोव्हनला बघायला सांगते, पूर्वी जहाजं बांधायचा भाग, लोक अजूनही नाक मुरडतात, पण सप्टेंबर २०२४ मध्ये गोव्हन आणि पार्टिक जोडणारा पायी आणि सायकलचा पूल सुरू झालाय, चालत विद्यापीठ गाठता येतं. दक्षिणेला पोलॉकशील्ड्स, गोव्हनहिल इथे देशी दुकानं, कढीपत्ता, नाचणीचं पीठ मिळतं, आल्बर्ट ड्राइव्हला गुरुद्वारा आहे, आणि हिंदू मंदिर केल्व्हिनग्रोव्ह पार्कजवळ. सबवे, म्हणजे इथली भुयारी रेल्वे, १८९६ ची आहे, एकच गोल आणि १५ स्टेशनं, चुकायला जागाच नाही, फक्त रविवारी संध्याकाळी लवकर बंद होते. तू २१ ची आहेस म्हणून एक छान गोष्ट, स्कॉटलंडमध्ये राहणाऱ्या २२ वर्षांखालच्यांना बस फुकट आहे, आल्या आल्या कार्डचा अर्ज कर, बावीसाव्या वाढदिवसापर्यंत तरी वापर.

कामाचं पटकन सांगते. टर्ममध्ये आठवड्याला २० तास, आठवडा सोमवार ते रविवार असा मोजतात. एमएससीवाल्यांचा उन्हाळा प्रबंधात जातो, ती सुट्टी धरत नाहीत, म्हणजे जून ते ऑगस्टही २० तासच, इथे खूप जण फसतात. फूड डिलिव्हरी अजिबात नाही, ते स्वयंरोजगारात येतं आणि स्टुडंट व्हिसावर ते चालत नाही, दुसऱ्याचं अकाउंट भाड्याने घेऊन तर बिलकुल नाही, व्हिसा जाईल. आता व्हिसाचं कार्ड येत नाही, सगळं ऑनलाइन ईव्हिसा असतो, निघायच्या आधी खातं उघडून स्वतःचं नाव पासपोर्टप्रमाणे बरोबर आहे ना ते बघ. पूर्णवेळ विद्यार्थ्याला काउन्सिल टॅक्स, म्हणजे आपल्या घरपट्टीसारखा कर, माफ असतो, पण तो आपोआप होत नाही, विद्यापीठाचं पत्र लागतं. व्हिसाच्या वेळी आरोग्याचा अधिभार भरशील, वर्षाला ७७६ पौंड, म्हणजे दवाखान्याचे पैसे तू आधीच भरलेत, तेव्हा पहिल्याच आठवड्यात जवळच्या जीपीकडे, म्हणजे फॅमिली डॉक्टरकडे, नाव घाल, आजारी पडायची वाट बघू नकोस. स्कॉटलंडमध्ये डॉक्टरने लिहिलेली औषधं फुकट मिळतात. रात्री-बेरात्री काही झालं तर १११, अगदी जिवावरचं असेल तर ९९९.

पावसापेक्षा काळोख जड जातो, हे मात्र खरं आहे. डिसेंबरमध्ये पावणेनऊला उजाडतं आणि पावणेचारला मावळतं. ऑक्टोबरचा शेवटचा रविवार आला की घड्याळं एक तास मागे जातात आणि त्यानंतरच्या सोमवारी लेक्चर संपवून बाहेर आलीस की अंधार, तो दिवस मुलींना फार लागतो, मला अजून आठवतो माझा. हिवाळ्यात ड जीवनसत्त्वाच्या १० मायक्रोग्रॅमच्या गोळ्या घे, इथलं सरकारच तसं सांगतं. आणि दुपारी बारा ते दोन काहीही झालं तरी बाहेर पड, पावसात सुद्धा, केल्व्हिनच्या काठाने पायवाट आहे, बगळा उभा असतो बांधावर, थंडीत तासभर हलत नाही. फारच मन खाली गेलं तर बोटॅनिक गार्डनमधल्या काचेच्या घरात जाऊन बस, प्रवेश फुकट आहे, आत गरम दमट हवा आणि ओल्या मातीचा वास, डोळे मिटले की मला थेट जूनमधलं चिपळूण दिसतं. मी पहिल्या हिवाळ्यात आठवड्यातून दोनदा जायचे, अभ्यासाची वही घेऊन. आणि जूनपर्यंत टिकलीस की रात्री दहा वाजता सूर्य मावळताना बघशील.

माणसं फार चांगली आहेत ग्लासगोची. बोलणं कळणार नाही सुरुवातीला, 'हाऊ' म्हणाले तर बऱ्याचदा अर्थ 'का' असतो, 'मेसेजेस' म्हणजे किराणा. पण 'व्हेअर डू यू स्टे' मात्र आपल्यासारखंच विचारतात, राहतेस कुठे या अर्थाने. बसमधून उतरताना ड्रायव्हरला थँक्यू म्हणायचं, सगळे म्हणतात.

आता आईची यादी. छत्री नको, इथला वारा ती पहिल्याच आठवड्यात उलटी करतो. तिकडचा प्लास्टिकचा रेनकोट नको, आत घामाने भिजशील. टोपीचं वॉटरप्रूफ जॅकेट इथे येऊन घे, लेबलवर वॉटरप्रूफ लिहिलेलं बघ, शॉवरप्रूफ म्हणजे दहा मिनिटांचा पाहुणा. दोन जोड बूट आलटून पालटून, ओल्यात वर्तमानपत्राचे बोळे कोंबून ठेवायचे. लोकरीचे थर्मल दोन, मसाले, गोडा मसाला जास्त, आणि कुकर स्टीलचा, इंडक्शन चालेल असा, कारण बऱ्याच घरांत गॅस नाही. आणलेली चांगली साडी भिंतीपासून लांब, कापडी पिशवीत, महिन्यातून एकदा उघडून.

फिल्टर अजिबात नको. ग्लासगोचं पाणी १८५९ पासून लॉख कॅट्रिन नावाच्या डोंगरातल्या तळ्यातून येतं, नळाचं सरळ प्यायचं. पाणी इतकं मऊ आहे की तूरडाळ एक शिट्टी कमी घेते, आईला एवढं सांग, तिला बरं वाटेल.